बावनकशी

एखाद्या माणसाच्या गुणांत कुठेही खोट नाही असे सांगायचे झाले की मराठीत 'बावनकशी' हा शब्द येतो. मूळ प्रयोग बावनकशी सोन्याचा. त्यावरून बावनकशी माणूस, बावनकशी मैत्री, बावनकशी अभिनय असे प्रयोग झाले. शब्दाची फोड सरळ आहे: बावन्न हा आकडा आणि कस. 'कष्' म्हणजे घासणे या संस्कृत धातूपासून कष, त्याचा मराठीत कस. आणि ज्या दगडावर घासायचे ती कषपट्टिका प्राकृताच्या वाटेने येताना झिजून कसोटी झाली. 'निकष' हा त्याच घराण्यातला, संस्कृत वेषातच राहिलेला शब्द. पात्रतेचे निकष म्हणून सरकारी परिपत्रकात छापले जाते ते या काळ्या दगडाचेच नाव.

श्रेष्ठपणाचा नमुना दाखवणारे मराठीतले शब्द दोन कुळांतले आहेत. एक कूळ पाहण्याचे. 'आदर्श' या संस्कृत शब्दाचा पहिला अर्थ आरसा. 'आरसा' हा त्याचाच झिजलेला अवतार, म्हणजे एकच शब्द दोन रूपांनी मराठीत नांदतो. दुसरे कूळ घासण्याचे. कस, कसोटी, निकष, कसदार, हिणकस आणि बावनकशी ही त्यातली मंडळी. हे दुसरे कूळ युरोपातही आहे. निर्दोष, अनुकरणीय व्यक्तीला इंग्रजीत 'पॅरागॉन' म्हणतात. हा शब्द इटालियन 'पारागोने'वरून आला, त्याचा अर्थ सोने घासून पाहण्याचा दगड, आणि त्याच्याही मागे धार लावण्याच्या दगडाचा ग्रीक शब्द आहे. दूरच्या दोन बाजारपेठांतल्या लोकांनी उत्तम माणसासाठी सोनाराच्या पेटीतली एकच वस्तू उचलली.

कसोटी आणि परीस यांत मात्र गल्लत होऊ नये. परीस लोखंडाचे सोने करतो; तो कथेतला आहे. कसोटी काहीच बदलत नाही, आहे ते सांगते. बावनकशी माणूस म्हणजे कुणाच्या स्पर्शाने पालटलेला माणूस नव्हे; घासून पाहिला तेव्हा जसा होता तसाच निघालेला माणूस.

कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा, वाळूच्या जातीच्या कठीण खनिजाचा असतो. तळहातात मावेल एवढा, एका बाजूने गुळगुळीत. दागिन्याची कड त्यावर घासली की पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी, ठरलेल्या कसाच्या सोन्याची सळई घासून दुसरी रेघ काढायची आणि दोन्ही उजेडात धरायच्या. चांदी मिसळलेली असेल तर रेघ फिकट, किंचित हिरवट दिसते. तांबे असेल तर लालसर. मग रेघेवर तेजाब फिरवायचा. त्यात तांबे-चांदी विरघळते, सोने टिकते. हिणकस रेघ पुसट होते किंवा नाहीशी होते. अनुभवी डोळ्याला या पद्धतीने शेकड्यात एखाददुसऱ्या भागापर्यंतचा फरक कळतो. एकटी रेघ काही बोलत नाही, शेजारी दुसरी रेघ लागते. कस हा शब्द मुळातच तुलनेचा आहे.

दगडावर उरलेले सोनेही वाया जात नाही. सोनार मेणाचा गोळा दगडावर दाबून फिरवतो. रेघांचे कण मेणाला चिकटतात आणि दगड पुन्हा काळा होतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याला या गोळ्याचे मोठे अप्रूप वाटले होते. काही वर्षांनी तो गोळा जाळून सराफ सोने परत मिळवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुकानातल्या केराचीही तीच गत. सोनाराची राख आणि केर विकत घेऊन, धुऊन त्यातून कण वेचणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात.

या परीक्षेचा सर्वांत तपशीलवार जुना वृत्तांत कौटिल्याच्या नावावरच्या अर्थशास्त्रात आहे. सरकारी सुवर्णशाळेचा अध्यक्ष, तिथे येणाऱ्या कारागिरांवरची नजर, सोन्याच्या सोळा पायऱ्या हे सगळे त्यात येते. उत्तम निकष कोणता? कलिंगातला किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा. तापीचा उल्लेख महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा, कारण खानदेशातून वाहणाऱ्या नदीचा दगड त्या काळी देशभरात नावाजलेला होता असे त्यावरून दिसते. पुढचा तपशील त्याहून बोलका आहे. हत्तीच्या कातडीच्या रंगाचा, हिरवट झाक असलेला दगड सोन्याचा रंग खुलवून दाखवतो, म्हणून तो विकणाऱ्याच्या सोयीचा. खरखरीत, रंग न खुलवणारा दगड विकत घेणाऱ्याच्या सोयीचा. नखात गेरू धरून रेघेवर हलकेच शिंपडणारा लबाड परीक्षकही तिथे नोंदवलेला आहे. परीक्षा घेणाऱ्या दगडाचीच परीक्षा आधी घ्यावी लागते, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

सोळा पायऱ्यांची ही मोजपट्टी पुढे दीर्घकाळ टिकली. ज्ञानेश्वरीत शुद्ध सोन्यासाठी 'साडेपंधरे' असा शब्द येतो. सोळापैकी साडेपंधरा, म्हणजे व्यवहारात मिळू शकणारी जवळजवळ संपूर्ण शुद्धता. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. तिच्यानंतर तीस वर्षांच्या आत, १३१८ मध्ये, अलाउद्दीन खिलजीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूने 'द्रव्यपरीक्षा' हा नाण्यांच्या कसाचा ग्रंथ लिहिला. अकबराच्या काळात मात्र मोजपट्टी बाराची दिसते: इराणात दहा हा शेवट मानत, हिंदुस्थानात बारा, असे अबुल फझल सांगतो. उत्तरेत 'बारा बानी' सोने म्हणतात ते त्यावरूनच. युरोपाची मोजपट्टी चोवीस कॅरेटची.

सोळा, बारा, चोवीस या कुठल्याही मोजपट्टीत बावन्न बसत नाही. बावनकशीचा रूढ अर्थ बावन्न वेळा कसोटीवर उतरलेले सोने असा घेतला जातो, आणि तो लोकभाषेच्या स्वभावाला धरून आहे. मराठीला छप्पन आणि सतराशे साठ हे आकडेही असेच, मोजण्यासाठी नव्हे तर 'पुष्कळ' या अर्थी लागतात. टांकसाळीचा कारकून साडेपंधरा म्हणेल. घासून घासून खात्री पटलेला माणूस बावन्न म्हणतो. सोन्याचा कस सोळाच्या वर जाऊ शकत नाही, विश्वासाचा जाऊ शकतो.

मराठी राज्यात नाणी पारखण्याचे काम गावगाड्यातच बसवलेले होते. पोतदार हा गावचा नाणेपारखी, बहुधा सोनार जातीतला. सारा भरताना आलेला रुपया चांदवडी की अंकुशी, पूर्ण वजनाचा की झिजलेला, हे तो सांगे. कमी कसाच्या नाण्यावर सूट कापली जाई, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो हाच. रुपया दगडावर आपटून आवाज ऐकत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. संशय राहिला तर तापवत, आणि तरीही राहिला तर भोक पाडून आतला धातू पाहत. या भोकाला सुलाख म्हणत. मूळ फारसी शब्द सूराख. 'तावून सुलाखून निघणे' या वाक्प्रचारातली दोन क्रियापदे म्हणजे ओळीने घेतलेल्या दोन परीक्षा आहेत. 'चोख' हा शुद्ध सोन्याचा शब्द हिशेबाला आणि कामाला लागला, 'खोट' हा मिसळलेला हलका धातू स्वभावात शिरला, 'हिणकस' हा बोलण्यालाही लावता येऊ लागला. मातीचा कस, लेखनाचा कस, पैलवानाला लावलेला कस असे करत सोनाराचा शब्द शेतात, छापखान्यात आणि आखाड्यात पोहोचला. (दोरी कसणे, कंबर कसणे यातला 'कसणे' मात्र ओढण्याच्या धातूपासून आलेला निराळा शब्द आहे; बोलण्यात दोन्ही एकमेकांत मिसळून गेले आहेत.)

मुंबईत या शब्दाच्या इतिहासाला वेगळे वळण लागले, कारण इथे कस ठरवणाऱ्या तीन जागा थोड्या थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या: सरकारची टांकसाळ, झवेऱ्यांचा बाजार आणि शब्दकोश छापणारा छापखाना.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत नाणी पाडायला सुरुवात केली ती सतराव्या शतकात, जेराल्ड आँजिअर गव्हर्नर असताना. आज फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर दिसणारी टांकसाळीची खांबांची इमारत कॅप्टन जॉन हॉकिन्सच्या देखरेखीखाली १८२४ ते १८२९ या काळात बांधली गेली आणि तिथे वाफेवरची यंत्रे आली. टांकसाळीला जोडून कस पाहण्याची कचेरी होती. तिथली पद्धत दगडाची नव्हती, आगीची होती. नमुन्याचा तुकडा अचूक तोलायचा, शिसे आणि चांदीबरोबर हाडांच्या राखेच्या छोट्या मुशीत तापवायचा. शिसे हलक्या धातूंना घेऊन राखेत मुरते आणि सोने-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून पातळ करून तेजाबात टाकला की चांदी विरघळते. उरलेले सोने पुन्हा तोलायचे. दोन वजनांचे प्रमाण हाच निकाल. डोळ्याच्या जागी तराजू आला आणि कस हजारात किती भाग अशा आकड्यात लिहिता येऊ लागला.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. सोन्याच्या मोहरेलाही तेच प्रमाण. बारापैकी अकरा म्हणजे चोवीसपैकी बावीस, हजारपैकी साधारण ९१६. आज मंगळसूत्राच्या वाटीवर दिसणारा ९१६ हा आकडा अशा रीतीने जुन्या मोहरेचाही आकडा आहे. एकच रुपया झाल्यावर गावोगावचा बट्टा हळूहळू संपला, पोतदाराचे काम गेले. शब्द मात्र राहिले. आज पोतदार आणि पारेख ही आडनावे आहेत, आणि बट्टा लागतो तो नावालाच.

दुसरी जागा झवेरी बाजार. मुंबादेवीचे देऊळ, काळबादेवी, शेख मेमन स्ट्रीट आणि मधल्या गल्ल्या हा त्याचा पसारा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला आणि त्याचा मोबदला मोठ्या प्रमाणात सोन्याचांदीच्या रूपाने शहरात उतरला. त्रिभुवनदास भीमजी झवेरी ही पेढी १८६४ ची, म्हणजे ऐन तेजीतली. पुढच्याच वर्षी, जुलै १८६५ मध्ये, तेजी कोसळली आणि कागदावरचे शेअर मातीमोल झाले. सोने मातीमोल झाले नाही, हे गुजराती आणि मराठी दोन्ही घरांनी पाहिले. मराठी वस्तीतल्या पेढ्या या बाजाराच्या कडेने, गिरगाव-दादरच्या बाजूला वाढल्या. वामन हरी पेठे यांची पेढी १९०९ मध्ये गिरगावात सुरू झाली. गिऱ्हाईक पेढीवर येते ते आधीच्या पिढीचा मोड घेऊन. आजीच्या पाटल्या मोडून नातीचे तोडे करायचे असतात. मालक पाटलीच्या आतल्या बाजूला, जिथे ओरखडा दिसणार नाही तिथे, कसोटी लावतो. घट किती धरायची, घडणावळ किती, हे त्या रेघेनंतर ठरते. या व्यवहारात गिऱ्हाइकाला स्वतःला रेघ वाचता येत नाही. तो मालकाचा चेहरा वाचतो. बावनकशी हा शब्द सोन्यावरून माणसावर सरकला तो नेमका या ठिकाणी: दगडापुढे सोने बसते आणि गिऱ्हाइकापुढे सोनार.

तिसरी जागा भायखळ्याची. जेम्स टी. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला. साठ हजारांच्या आसपास शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. कस, कसोटी, चोख, सुलाखणे, पोतदार ही बाजारातली शब्दसंपत्ती त्यात मूळ अर्थ आणि वाढलेला अर्थ अशा दोन्ही अंगांनी नोंदली गेली. टांकसाळ जुनी नाणी वितळवत होती त्याच काळात, त्याच शहरात, त्या नाण्यांबरोबर वाढलेले शब्द कोशात जपले जात होते, ही मराठीच्या भाग्याची गोष्ट आहे.

माणसाचा मानदंड म्हणून 'बावनकशी' हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला तो सावित्रीबाई फुले यांच्यामुळे. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. १८९० मध्ये जोतीराव गेले. सावित्रीबाईंनी त्यांच्या कार्यावर रचलेल्या काव्याचा संग्रह १८९२ चा, आणि त्याचे नाव 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर'. ज्या माणसावर हयातभर शेण, दगड आणि निंदा पडली त्याच्यासाठी त्याच्या सहचरीने निवडलेला हा शब्द आहे. बावन्न वेळा घासून पाहिले म्हणजे काय, हे दोघांनी रोजच्या रस्त्यावर अनुभवले होते. या शब्दाचा याहून यथार्थ उपयोग मराठीत झालेला नाही.

गिरगावाने याच काळात आणखी एक कसोटी घडवली. नाना शंकरशेट दैवज्ञ समाजातले, म्हणजे सोनारीचा वारसा असलेल्या समाजातले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेतला सर्वांत मानाचा निकष बनली आणि पुढे अनेक पिढ्या ती मिळवणारा मुलगा चाळीत बोटाने दाखवला जाई. १९१२ मध्ये ती पटकावणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

टांकसाळीत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सोन्याचीही नाणी पडली. १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून मुंबईत सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडले गेले, सगळे बावीस कॅरेटचे, तारखेवर बारीकसा आय असलेले. महाराष्ट्रात नाणे गळ्यात घालण्याची रीत जुनीच; व्हेनिसच्या डुकाटांवरच्या आकृतींमुळे त्यांना पुतळ्या म्हणत आणि पुतळ्यांची माळ हा मानाचा दागिना होता. बाजाराच्या लेखी चांगल्या सोन्याची खालची पायरी बावीस, वरची चोवीस. 'शंभर नंबरी' म्हणत ते ही वरची. त्याखालचे ते हिणकस. ही समजूत इतकी पक्की होती की सरकार कधी कायद्याने तिला हात घालील असे कुणाच्या मनात आले नसेल.

तो प्रसंग १९६३ च्या जानेवारीत आला. चीनशी झालेले युद्ध थांबून दोन महिने होत होते. परकीय चलनाची तंगी होती. देशातला सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळपास दुप्पट असल्याने अरबी समुद्रातून दहा तोळ्यांची बिस्किटे चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर येत होती. सोन्याची ओढच कमी करावी म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण आणले. दागिने नसलेले सोने जाहीर करायचे. आणि यापुढे नवा दागिना चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचा करायचा नाही. चोवीसपैकी चौदा म्हणजे शेकडा ५८ भाग सोने, उरलेले ४२ भाग तांबे-चांदी. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हिणकस म्हटले ते कायदेशीर झाले आणि जे चोख ते गुन्हा ठरले. मोरारजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले, हे शहर त्यांना नवखे नव्हते; त्यांच्या हेतूबद्दलही शंका घेण्याचे कारण नाही. सोन्यात अडकलेला पैसा शेती-कारखान्यांत यावा हा विचार अर्थशास्त्राला धरूनच होता. पण नियम करणाऱ्यांनी सोने म्हणजे साठा एवढेच धरले. सोनाराच्या हातातला धातू त्यांच्या हिशेबात नव्हता.

बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. ठुशीचे बारीक मणी, मोहनमाळेचे पोकळ दाणे, नथीची तार, कोल्हापुरी साजातली पाने हे सगळे फुंकणी, ऐरण, चिमटा आणि बोटांच्या दाबावर होते, कारण धातू हाताचे ऐकतो. तांबे वाढले की तो ताठर होतो, ठोकताना चिरतो, तापवला की काळवंडतो, जोड वेगळ्या तापमानाला धरतो, आणि अंगावर घाम लागून त्याचा रंग उतरतो. यंत्रावर कापलेल्या, छापाच्या दागिन्याला चौदा कॅरेट चालते. युरोप-अमेरिकेत ते चालतच होते. हाताच्या कामाला ते चालत नाही. गिऱ्हाइकाला तर ते नकोच होते, कारण चौदा कॅरेटचा दागिना अडीनडीला मोडायला गेले तर हाती काय येणार हे घरातल्या बाईला पेढीवाल्याइतकेच कळत होते. मागणी थंडावली, पेढ्या ओस पडल्या, कारागिरांना काम उरले नाही. देशभर सोनारांचे मोर्चे निघाले, उपासमारीच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, लोकसभेत वादळी चर्चा झाल्या. अनेक कारागिरांनी ऐरण बाजूला ठेवली आणि मिळेल ती नोकरी धरली. सरकारने कर्ज आणि पर्यायी धंद्याच्या योजना आखल्या; पण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून फुंकणी फुंकलेल्या माणसाला चाळिशीत दुसरा धंदा शिकवता येतो ही कल्पनाच कागदी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोरारजी कामराज योजनेखाली मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्यामागून आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनी गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करून द्यायला मोकळीक दिली. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये पूर्ण उठली. उरलेले निर्बंध १९६८ च्या सुवर्ण (नियंत्रण) कायद्यात गेले: परवाने, नोंदवह्या, किती सोने ठेवायचे याच्या मर्यादा. तस्करी थांबली नाही. सत्तरच्या दशकात तर तिने मुंबईत स्वतःचे साम्राज्य उभे केले. परदेशी शुद्धीकरणशाळांचा ठसा असलेले दहा तोळ्यांचे बिस्किट हजारपैकी ९९९ भाग शुद्ध असे, वजन ११६.६४ ग्रॅम. कायदा चौदावर बोट ठेवत होता तेव्हा चोरबाजारात चोवीसचे चलन चालले होते.

मराठीत चौदा कॅरेटच्या अटीच्या त्या वर्षांत 'चौदाकशी' असा शब्द रुजला नाही. चांगल्या माणसाला लोक बावनकशीच म्हणत राहिले.

सोने म्हणजे अडीनडीची शिदोरी, हे गिरणगावाने १९८२ मध्ये सर्वांत कठोरपणे अनुभवले. १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि पगार थांबले. लालबाग-परळच्या चाळींतून आधी भांडी, मग डोरली आणि बांगड्या गहाणवटीला गेल्या. गुंजेगुंजेने जमवलेले सोने (आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा) कसोटीवर घासले गेले ते विकण्यासाठी. त्या रेघेत एक कॅरेट कमी निघाला तर घरात एका आठवड्याचे रेशन कमी येणार होते. कसाचा अर्थ इतका उघडा क्वचितच झाला असेल.

सुवर्णनियंत्रण कायदा शेवटी गेला तो एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून. मधू दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवत, आणि राजापूरचे खासदार होते. १९९० च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात त्यांनी कायदा मागे घेण्याची घोषणा केली आणि जूनमध्ये तो रद्द झाला. सोनाराला परवान्याविना बसता येऊ लागले. पण सत्तावीस वर्षांत बाजार बदलला होता. झवेरी बाजाराच्या माळ्यांवर, अरुंद जिन्यांच्या खोल्यांत आता बहुतेक बंगाली कारागीर काम करतात. ठुशी आणि साज घडवणारे मराठी हात थोडे उरले आहेत.

कस ठरवण्याचे काम पुढे तिसऱ्याच्या हाती गेले. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० मध्ये ऐच्छिक म्हणून आली आणि १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. दागिन्यावर ब्यूरोची त्रिकोणी खूण, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. 'हॉलमार्क' हा शब्दही असाच बाजारातून वर चढलेला: लंडनच्या सोनारांच्या सभागृहात, म्हणजे हॉलमध्ये, उमटवलेली खूण. इंग्रजीत आज तो कुठल्याही अस्सल गुणाची खूण म्हणून वापरतात आणि मराठी जाहिरातीतही तो स्थिरावला आहे.

हॉलमार्क केंद्रात दागिना क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवतात. काही क्षणांत पडद्यावर सोने, चांदी, तांबे, जस्त यांचे शेकडा प्रमाण येते. यंत्र वाचते ते मात्र वरच्या पातळ थरापुरते, आणि कसोटीचीही तीच मर्यादा होती. म्हणून अंतिम निकाल लागतो तो अजूनही राखेच्या मुशीत, शिशाबरोबर तापवून. पेढीवर मोड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासाठी यंत्र असते, तरीही कित्येक पेढ्यांत गल्ल्याशेजारच्या डब्यात काळा दगड असतोच. मालक बांगडी आतल्या बाजूने घासतो, रेघ दाराच्या उजेडाकडे धरतो, शेजारी सळईची रेघ काढतो, आकडा सांगतो. मग मेणाचा गोळा दगडावरून फिरतो आणि दगड पुढच्या गिऱ्हाइकासाठी काळा होतो.